व्हर्टिओ-मेम ड्रायव्हर अनबाइंड करताना लटकतो, नाहीतर मिनिटाभराने कोसळतो: हॉटप्लगची आवराआवर वेगळी काढताना बिघडणारा क्रम

लागू: लिनक्स कर्नलमधला व्हर्टिओ-मेम ड्रायव्हर (कर्नल ५.८, २०२० पासून), म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीनला मेमरी घालणारा-काढणारा (हॉटप्लग) ड्रायव्हर; व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूईएमयू-केव्हीएम; एक्स८६-६४ गेस्ट. गेस्ट म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन, होस्ट म्हणजे ते चालवणारं यंत्र, आणि अनबाइंड म्हणजे ड्रायव्हरला डिव्हाइसपासून सोडवणं. फंक्शनांची नावं इथे उच्चारावरून लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना मोकळ्या जागी अंडरस्कोर घाला.

बेळगावात व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या) कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये असो, नाहीतर टिळकवाडीत घरी बसून बेंगळुरूच्या टीमसाठी चाललेल्या कामात असो, हा ड्रायव्हर हातात आला की पहिला मोह एकच होतो. त्याचं रिमूव्ह फंक्शन लांबलचक दिसतं, म्हणून ते तोडून नीटनेटकं करावंसं वाटतं. तोडायला हरकत नाही, मूळ कर्नलमध्येही ते तोडलेलंच आहे. बिघडतं ते तोडताना ‘जरा सरळही करून टाकू’ म्हटलं की. मग ठरावीक चार तक्रारी ठरलेल्या.

पहिली: अनबाइंडचा आदेश परतच येत नाही, प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (न उठवता येणाऱ्या झोपेत) जाते आणि १२० सेकंदांनी हंग टास्कची, म्हणजे प्रोसेस अडकल्याची, ओळ येते. दुसरी: अनबाइंड व्यवस्थित होतं, तुम्ही चहाला उठता आणि मागे टायमरच्या कॉलबॅकमध्ये गेस्ट कोसळतो. तिसरी: काही वेळाने आयओमेम फाइल (कर्नलच्या मेमरी पट्ट्यांची यादी) वाचताना किंवा एखादा मेमरी ब्लॉक ऑनलाइन करताना (वापरात घेताना) पेज फॉल्ट येतो. चौथी: लॉगमध्ये ‘डिव्हाइस स्टिल हॅज सिस्टिम मेमरी अ‍ॅडेड’ असं दिसतं आणि पुन्हा बाइंड केलं की उणे १६ हा एरर.

चौथी आधी निकालात काढू, कारण तो बिघाडच नाही.

चौथी तक्रार: ही ओळ दिसायलाच हवी

ड्रायव्हरने गेस्टला दिलेली मेमरी कर्नल वापरत असतो. ड्रायव्हर जातोय म्हणून ती हिसकावून घेता येत नाही. एखाद्या ब्लॉकमध्ये न हलणारी पानं असली तर तो ऑफलाइन होणारच नाही. दुसरीकडे डिव्हाइसला ‘जाऊ नकोस’ म्हणायची सोयही रिमूव्हमध्ये नाही, त्या फंक्शनला नकार परत करता येत नाही. म्हणून ड्रायव्हर इशारा छापतो आणि त्या पट्ट्याचं रिसोर्स, म्हणजे कर्नलमधली त्या पत्त्यांची नोंद, जाणूनबुजून मागे ठेवतो. पुन्हा बाइंड करताना तोच पट्टा आरक्षित करायला जातो, तो आधीच घेतलेला सापडतो, आणि ‘कुड नॉट रिझर्व्ह डिव्हाइस रीजन’ व ‘रीलोडिंग द ड्रायव्हर इज नॉट सपोर्टेड’ अशा दोन ओळी लिहून ईबिझी (‘वापरात आहे’), म्हणजे उणे १६, परत येतो. हे संरक्षण आहे. वापरात असलेली मेमरी नवा ड्रायव्हर ‘आधी सगळी अनप्लग करू’ म्हणत होस्टला परत देऊन बसू नये, म्हणून ही अडवणूक.

‘लीक दिसतोय’ म्हणून ‘मेमरी शिल्लक नसेल तरच रिसोर्स सोडा’ ही एल्स शाखा काढून रिसोर्स सरसकट सोडणारे पॅच अधूनमधून दिसतात. तसं करू नका. रिसोर्सच्या नावाचंही तेच. मेमरी शिल्लक असेल तर ‘सिस्टिम रॅम (व्हर्टिओ_मेम)’ ही नावाची स्ट्रिंग जिवंत राहिली पाहिजे, कारण कर्नलच्या रिसोर्सच्या झाडात तिचाच पॉइंटर आहे. ती केफ्री (मोकळी) केली की तिसरी तक्रार जन्माला येते. आयओमेम वाचलं की कर्नल मोकळ्या केलेल्या जागेतून नाव छापायला जातो. त्याच कारणाने ड्रायव्हर सुरुवातीला ‘केस्ट्रडप कॉन्स्ट’ने नावाची प्रत काढून घेतो. ती मॉड्यूलच्या आतली स्थिर स्ट्रिंग असती तर मॉड्यूल उतरताच पॉइंटर हवेत लटकला असता.

स्वच्छ अनबाइंड खरंच हवं असेल तर क्रम असा: होस्टवरून रिक्वेस्टेड-साइज ० करा, डिव्हाइसची साइज ० दिसेपर्यंत थांबा, मगच अनबाइंड. ती ० पर्यंत येत नसेल तर गेस्टमध्ये ब्लॉक ‘ऑनलाइन_मूव्हेबल’ पद्धतीने ऑनलाइन केले होते का ते बघा. साध्या ‘ऑनलाइन_कर्नल’ने घातलेली मेमरी परत मिळेलच असं नाही.

पहिली आणि दुसरी तक्रार: थांबवण्याचा क्रम

मूळ क्रम असा आहे. हॉटप्लग म्यूटेक्स (झोपून वाट बघता येतं ते कुलूप) घ्या, त्याच्या आत रिमूव्हल स्पिनलॉक (न झोपता घ्यायचं कुलूप) घ्या, ‘रिमूव्हिंग’ खरं करा, दोन्ही सोडा. मग ‘कॅन्सल वर्क सिंक’, म्हणजे वर्क (ड्रायव्हरचं रांगेतून मागे चालणारं काम) थांबवणं. मग ‘एचआरटायमर कॅन्सल’. मग बाकीचं. यातलं एकही पाऊल शोभेचं नाही.

टिळकवाडीच्याच नव्हे, कुठल्याही रेल्वे गेटचा हाच नियम: फाटक पाडणं हे एक काम, आणि रुळावर आधीच घुसलेली गाडी बाहेर निघेपर्यंत थांबणं हे दुसरं. ‘रिमूव्हिंग’ म्हणजे फाटक. ‘कॅन्सल वर्क सिंक’ म्हणजे आतली गाडी निघायची वाट बघणं. फाटक न पाडता वाट बघितली तर मागून नवी गाडी घुसतेच.

एका बूलियनसाठी दोन कुलुपं कशाला, असा प्रश्न रिव्ह्यूमध्ये हमखास येतो. दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे आहेत. होस्टने साइज बदलली की कॉन्फिगचा इंटरप्ट येतो आणि टायमरही स्वतःच्या वेळेला उठतो. हे दोघे ‘व्हर्टिओ मेम रीट्राय’मधून काम रांगेत टाकतात. तिथे झोपता येत नाही, म्हणून स्पिनलॉक. तो काढला तर असं होतं: रीट्रायने ‘रिमूव्हिंग’ खोटं आहे असं वाचलं, तेवढ्यात तुम्ही ते खरं केलं, वर्क थांबवलं, आणि मग रीट्रायने काम रांगेत टाकलं. ते काम चालेल तेव्हा त्याचा डेटा केफ्री झालेला असेल.

म्यूटेक्स मेमरी नोटिफायरसाठी (ब्लॉक ऑनलाइन-ऑफलाइन होताना कर्नल ड्रायव्हरच्या ज्या फंक्शनला खबर देतो त्यासाठी) आहे. कोणी ब्लॉक ऑनलाइन करायला घेतला की नोटिफायर ‘गोइंग ऑनलाइन’च्या वेळी म्यूटेक्स घेतो आणि तो थेट ‘ऑनलाइन’ किंवा ‘कॅन्सल’ची खबर येईपर्यंत सोडत नाही. म्हणजे तुम्हाला म्यूटेक्स मिळाला याचाच अर्थ अर्धवट चाललेलं ऑनलाइन-ऑफलाइन आता काही उरलेलं नाही. यापुढे येणाऱ्याला ‘रिमूव्हिंग’ दिसतं आणि ईबिझी मिळतं.

आता नवा सापळा. गार्ड आणि स्कोप्ड-गार्ड हे (कक्षा संपताच कुलूप आपोआप सोडणारे) मॅक्रो आल्यापासून जुना लॉक-अनलॉक कोड त्यांत बदलायची हौस वाढली आहे. फंक्शनच्या सुरुवातीला गार्ड लावला तर म्यूटेक्स फंक्शन संपेपर्यंत हातात राहतो. पुढची ओळ ‘कॅन्सल वर्क सिंक’ आहे, आणि ज्या कामाची ती वाट बघते त्या कामालाही तोच म्यूटेक्स हवा असतो. झालं, दोघे एकमेकांची वाट बघत बसले. इथे स्कोप्ड-गार्ड, आणि तोही फक्त त्या एका असाइनमेंटपुरता.

यात लॉकडेपवर (कर्नलच्या कुलुपं तपासणाऱ्या साधनावर) विसंबू नका. नोटिफायर दोन वेगवेगळ्या कॉलमध्ये म्यूटेक्स घेतो आणि सोडतो, त्यामुळे ड्रायव्हर त्या भागात लॉकडेप मुद्दाम बंद करतो. लॉकडेप गप्प आहे म्हणजे लॉकिंग बरोबर आहे, असं या फाइलपुरतं तरी म्हणता येत नाही.

टायमरची जागा बदलणं ही दुसऱ्या तक्रारीची मुळी. ‘आधी टायमर, मग वर्क’ असं करणं कागदावर जास्त तर्कशुद्ध वाटतं: टायमर वर्कला जागं करतो, मग आधी टायमरच मारा. पण इथे वर्कसुद्धा टायमर लावतं. वर्क फंक्शन सुरुवातीला टायमर रद्द करतं, आणि मेमरी सुटली नाही किंवा कमी पडली तर शेवटी पुन्हा लावतं. तुम्ही टायमर मारला, मग चालू असलेलं वर्क संपायची वाट बघितली, आणि त्या वर्कने जाता जाता टायमर लावून ठेवला. आता तो कोणी मारणार नाही. पुन्हा प्रयत्न करायचा अवधी वाढत वाढत ५ मिनिटांपर्यंत जातो, म्हणून कोसळणं अनबाइंडच्या क्षणी दिसत नाही. चाचणीची स्क्रिप्ट तोवर ‘पास’ लिहून मोकळी झालेली असते. उलट क्रमात धोका नाही. वर्क थांबल्यावर टायमर उठला तरी रीट्रायला फाटक पडलेलं दिसतं, काम रांगेत जात नाही, आणि पुढच्याच ओळीला टायमर कायमचा रद्द होतो.

अनबाइंड लटकण्याचं आणखी एक कारण म्हणजे डिव्हाइस रीसेट वर नेणं. वर्क होस्टला विनंती पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत न उठवता येणाऱ्या झोपेत थांबतं. आधी रीसेट केलं तर ते उत्तर कधीच येत नाही, वर्क उठत नाही, आणि ‘कॅन्सल वर्क सिंक’ त्याच्या दारात बसून राहतं. स्टॅकमध्ये एक प्रोसेस ‘कॅन्सल वर्क सिंक’वर आणि एक केवर्कर ‘व्हर्टिओ मेम सेंड रिक्वेस्ट’वर दिसला की दुसरीकडे शोधायची गरज नाही. रीसेट आणि ‘डेल व्हीक्यूज’ हॉटप्लगच्या आवराआवरीनंतरच, रिमूव्हच्या मुख्य फंक्शनमध्ये राहू द्या.

तिसरी तक्रार: अर्धे भरलेले ब्लॉक

एक्स८६-६४ च्या गेस्टमध्ये मेमरी ब्लॉक सहसा १२८ एमबीचा असतो आणि व्हर्टिओ-मेमचा आपला ब्लॉक सहसा २ एमबीचा. म्हणून लिनक्सचा एक ब्लॉक अर्धाच भरलेला असू शकतो. असा ब्लॉक ऑनलाइन झाला की ड्रायव्हरचा कॉलबॅक भरलेली पानंच वापरात देतो आणि उरलेली झाकून ठेवतो. हा कॉलबॅक गेला की कर्नल अख्खा ब्लॉक वापरात घेतो. होस्टने कधी दिलेलीच नाही ती पानंसुद्धा. व्हर्टिओच्या नियमानुसार अशा पानांवर लिहिलेलं टिकेल याची हमी नाही.

म्हणून ऑफलाइन आणि अर्धवट असलेले ब्लॉक कॉलबॅक काढण्याआधी लिनक्समधून काढून टाकायचे. हे वळण उलटं केलं, म्हणजे आधी ‘अनरजिस्टर’ आणि मग ब्लॉक काढणं, की मधल्या फटीत यूडेव्हचा (गेस्टमधल्या, डिव्हाइस दिसताच कामं करणाऱ्या प्रोग्रामचा) एखादा नियम तो ब्लॉक ऑनलाइन करतो. ऑनलाइन असलेल्या अर्धवट ब्लॉकना मात्र हात लावायचा नसतो. तिथली न भरलेली पानं आधीच झाकलेली आहेत, आणि ड्रायव्हर गेल्यावर ते ऑफलाइन करता येत नाहीत.

अवस्था नोंदवणारे अ‍ॅरे व्हीफ्री करण्याची जागा अगदी शेवटी. सोर्समध्ये तिथे ‘लॉकिंगची गरज नाही’ अशी टिप्पणी आहे, आणि ती वाचून काही जण तो तुकडा वर उचलतात. लॉकिंगची गरज नाही ती नोटिफायर आणि कॉलबॅक आधी गेले म्हणूनच. वर नेला की ती टिप्पणी खोटी ठरते.

फंक्शन तोडायचं कसं

मूळ कर्नलमध्ये ही फोड ५.१६ च्या सुमारास झाली, तीही सौंदर्यासाठी नाही. केडंपच्या कर्नलमध्ये (मूळ कर्नल कोसळल्यावर त्याची मेमरी टिपायला उठणाऱ्या दुसऱ्या कर्नलमध्ये) या ड्रायव्हरला मेमरी घालायची-काढायची नसते. व्हीएमकोर (कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीची फाइल) वाचणाऱ्याला कुठली पानं खरी भरलेली आहेत एवढंच सांगायचं असतं. तेव्हा प्रोब (डिव्हाइस उभं करणारं फंक्शन) आणि रिमूव्ह दोन्हींत दोन वाटा झाल्या. प्रोबकडे ‘इनिट हॉटप्लग’ आणि ‘इनिट केडंप’, रिमूव्हकडे ‘डीइनिट हॉटप्लग’ आणि ‘डीइनिट केडंप’. दोन्ही वाटांना सामायिक असलेलं, म्हणजे रीसेट, क्यू काढणं आणि शेवटची केफ्री, वर राहिलं. तुमच्या ड्रायव्हरमध्येही रेघ इथेच ओढा: जे फक्त एका वाटेने उभं केलं ते त्या वाटेच्या डीइनिटमध्ये, जे दोन्हींना लागतं ते रिमूव्हमध्ये.

पहिला पॅच निव्वळ स्थलांतराचा ठेवा. एकही ओळ बदलू नका, ‘व्हीएम’ (ड्रायव्हरच्या डेटाचा पॉइंटर) पॅरामीटर म्हणून द्या, लोकल व्हेरिएबल नेऊन ठेवा, बस. ‘गिट डिफ’ला कलर-मूव्ह्ड पर्याय लावला की हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात. त्या रंगाबाहेर फंक्शनचं नाव, कंस आणि एक कॉल एवढंच उरलं पाहिजे. जास्त उरलं तर तो दुसरा पॅच आहे.

डीइनिटला इनिटचा आरसा बनवायचा प्रयत्न करू नका. इनिट अर्ध्यात फसलं तर उलट्या क्रमाने गोटू लेबलं चालतात: नोटिफायर, मेमरी ग्रुप, रिसोर्स. तिथे अजून मेमरी घातलेलीच नसते, वर्क सुरू झालेलं नसतं, म्हणून ते साधं आहे. डीइनिटच्या वेळी जग बदललेलं असतं. इनिटच्या फसलेल्या वाटेवरून थेट डीइनिटला कॉल करणं हा शॉर्टकट दिसायला चांगला, पण जे नोंदवलंच नाही ते रद्द करायला जातो. मेमरी ग्रुपच्या बाबतीत हे खासच वाईट. केझअलॉकने ० झालेला ग्रुप क्रमांक हा खराखुरा, दुसऱ्या कुणाचा ग्रुप असू शकतो.

तपासणी, ८ जीबीच्या लॅपटॉपवरही होते अशी

गेस्टचा कर्नल केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन), केएसॅन-व्हीमअलॉक, डीबग-ऑब्जेक्ट्सचे टायमर आणि वर्क हे दोन्ही पर्याय, आणि हंग टास्क शोधक घालून बांधा. व्हीमअलॉकचा पर्याय विसरू नका. अवस्थांचे अ‍ॅरे तिथेच असतात आणि तो नसेल तर कधी साधा पेज फॉल्ट येतो, कधी काहीच येत नाही. केएसॅन एकूण मेमरीचा आठवा हिस्सा स्वतःच्या हिशेबासाठी घेतो. नव्या १२८ एमबीच्या ब्लॉकमागे १६ एमबी, तेही ऑनलाइन करताना. म्हणून मूळ मेमरी १ नको, २ जीबी द्या.

क्यूईएमयूमध्ये कमाल मर्यादा ६ जीबी, व्हर्टिओ-मेमचा पट्टा ४ जीबी, रिक्वेस्टेड-साइज सुरुवातीला ०. सिरियल कन्सोल होस्टवरच्या फाइलमध्ये वळवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि कोसळलेल्या गेस्टच्या शेवटच्या ओळी टर्मिनलच्या खिडकीबरोबर गेल्या तर सगळं पुन्हा करावं लागतं.

१. गेस्ट बूट करताना ‘मेमएचपी डिफॉल्ट स्टेट’ ऑफलाइन द्या आणि ब्लॉक आपोआप ऑनलाइन करणारा यूडेव्हचा नियम असेल तर तो बंद करा. ब्लॉक साइजच्या फाइलमध्ये ८०००००० दिसेल. तो आकडा हेक्स आहे, म्हणजे १२८ एमबी. ८ एमबी समजून पुढे जाऊ नका.

२. सिसएफएसमध्ये मेमरी ब्लॉक मोजा. २ जीबीला १६.

३. क्यूईएमयूच्या मॉनिटरवरून क्यूओएम-सेटने रिक्वेस्टेड-साइज ३२० एमबी करा. ३२० भागिले १२८ म्हणजे अडीच. ब्लॉक १९ होतील, नवे तीन क्रमांक ३२ किंवा त्यापुढचे. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. यापेक्षा फार मोठा आकडा घेऊ नका. ऑफलाइन पडून असलेली मेमरी १ जीबीच्या वर जाऊ लागली की ड्रायव्हर नवे ब्लॉक घालणं थांबवतो आणि तुम्हाला ते लटकल्यासारखं वाटतं.

४. अनबाइंड करा. ब्लॉक १८ राहिले पाहिजेत: अर्धा गेला, दोन पूर्ण उरले, आणि ‘स्टिल हॅज सिस्टिम मेमरी’ची ओळ आली. हा बरोबर निकाल. १९ राहिले असतील तर अर्धा ब्लॉक काढायचा भाग चुकला आहे. खात्रीसाठी तो ऑनलाइन करा. मेमटोटल सुमारे १२८ एमबीने वाढलं, तर होस्टने दिलेल्या ६४ एमबीच्या दुप्पट गेस्ट वापरतोय.

५. आयओमेम फाइल वाचा. नाव शाबूत दिसलं पाहिजे.

६. नव्या गेस्टवर वरचंच, पण अनबाइंड करतानाच होस्टवरून साइज सतत ६४ आणि ५१२ एमबीमध्ये हलवत ठेवा. लटकण्याची चूक इथे पकडली जाते.

७. टायमरसाठी वेगळी फेरी हवी. ऑनलाइन_कर्नलने काही ब्लॉक ऑनलाइन करा, गेस्टमध्ये एखादं मोठं बिल्ड चालवून मेमरी भरा, मग रिक्वेस्टेड-साइज ० करा, म्हणजे अनप्लग अडकून टायमर लागतो. वर्क चालू असतानाच अनबाइंड जमायला हवं, म्हणून नव्या गेस्टवर हे पुन्हा पुन्हा करा. दर वेळी अनबाइंडनंतर किमान ६ मिनिटं गेस्ट चालू ठेवा. लवकर बंद केलात तर ही फेरी केली न केली सारखीच.

केडंपच्या वाटेसाठी क्रॅशकर्नल राखून गेस्टला सिसरिक्वेस्टने मुद्दाम कोसळवा. दुसऱ्या कर्नलमध्ये ड्रायव्हर प्रोब होतो, पण ब्लॉकची संख्या हलता कामा नये. तिथेही एकदा अनबाइंड करून बघा. हॉटप्लगचं डीइनिट त्या वाटेवर चुकून चालता कामा नये. डंप लिहून झाल्यावरच अनबाइंड करा. व्हीएमकोरचा कॉलबॅक फाइल उघडी असताना काढला तर कर्नल इशारा देतो आणि त्यानंतरचं वाचन शून्यंच देतं.